धुऱ्यावर वाचलेले गुण

आमच्या कृषी विद्यालयात दर जानेवारीत स्नेहसंमेलन होतं आणि त्यात 'आदर्श कृषी विद्यार्थी' नावाचा पुरस्कार दिला जायचा. जायचा म्हणते, कारण आता तो बंद आहे. तो का बंद झाला ते सांगायचं आहे, आणि सांगताना माझ्या सहकाऱ्यांबद्दल मला फारसा आदर दाखवता येणार नाही. प्रयत्न केला असता तर जमलंही असतं, पण तो करावासा वाटत नाही.

विद्यालय गोंदियाहून सालेकशाकडे जाताना लागतं. दोन वर्षांची पदविका. मी तिथे पीकशास्त्र शिकवते. माझे आजोबा दीक्षा घेऊन गावात परतले तेव्हापासून आमच्या घरात शिक्षणाखेरीज दुसरा देव नाही, त्यामुळे मी शिक्षक झाले यात नवल काही नव्हतं. नवल याचं वाटतं की ज्यांच्या घरी पुस्तक कधी कुणी हौसेने उघडलं नाही, अशी माणसंही शिक्षक होतात आणि वर निकष ठरवतात.

पुरस्कार म्हणजे लाकडी ढाल, शाल आणि गोंदियाच्या एका राइस मिलवाल्या सेठजींनी दिलेलं बक्षीस. सेठजी दर वर्षी व्यासपीठावर येऊन बसत आणि "किसान का बेटा आगे बढ़ना चाहिए" एवढं एकच वाक्य बोलत. शेतकऱ्याला मुलगीही असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना दोष देत नाही. तोवर एकाही मुलीला ती ढाल मिळालेलीच नव्हती.

ढाल कुणाला द्यायची ते प्राचार्य ठरवायचे. त्यासाठी निकष होते बरं का. व्यक्तिमत्त्व, वक्तृत्व, गणवेशाची टापटीप, संस्थेच्या उपक्रमांत सहभाग आणि घरच्या शेतीवर केलेला प्रकल्प. संस्थेच्या उपक्रमांत सहभाग म्हणजे संस्थाचालकांच्या वाढदिवसाला मांडवात सतरंज्या अंथरणे. आणि घरच्या शेतीवर प्रकल्प म्हणजे ज्याच्या बापाकडे ठिबक, ट्रॅक्टर आणि विहीर आहे त्याने त्या तिन्हींसमोर उभं राहून फोटो काढणे. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्याच्या आदल्या वर्षीच्या विजेत्याचा फोटो मला अजून आठवतो. टोमॅटोच्या वाफ्यात इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता आणि त्याच्या बुटाला माती नावालाही नव्हती. प्राचार्यांनी तो फोटो मोठा करून स्वतःच्या खोलीत लावला.

जूनमध्ये नवीन वर्ष सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी धानाच्या जातींबद्दल सांगत होते, तर मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. ती दरेकशाच्या पलीकडच्या जंगलातल्या गावाहून यायची. घरी थोडीशी जमीन, बाकी उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. घरात गोंडी, मैत्रिणींत झाडीबोली आणि उत्तरपत्रिकेत पुस्तकी मराठी, जी तिची तिसरी भाषा होती आणि तरी माझ्या काही सहकाऱ्यांपेक्षा ती शुद्ध लिहायची.

"मॅडम, त्या बक्षिसाचे मार्क कायचे असतेत?"

मी निकष सांगितले. सांगतानाच मला लाज वाटायला लागली होती.

"मंग माह्या घरी ट्रॅक्टर नाई," ती म्हणाली, "तं मले प्रकल्पाचे किती देऊन राहिले तुमी?"

वर्ग हसला. ती हसली नाही. "हसता कायले? तुमच्यातल्या अर्ध्यायकडे तरी हाय का?"

पुढच्या बाकावर एका मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा बसायचा. उंच, शांत, वर्गातला हुशार. पुढच्या जानेवारीत ढाल त्याचीच असं सगळे धरून चालले होते. त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वहीत मान घातली.

मी हे प्राचार्यांकडे नेलं. प्राचार्य सज्जन दिसणारे गृहस्थ होते. केस नीट, आवाज मऊ, टेबलावर काच आणि काचेखाली त्यांचे स्वतःचेच सत्कार. ते म्हणाले, "मॅडम, पोरांच्या बोलण्याकडे एवढं लक्ष द्यायचं नसतं. वातावरण बिघडतं." वातावरण हा त्यांचा लाडका शब्द होता. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही असं सांगितलं तेव्हाही वातावरणच बिघडलं होतं.

पण दैव बघा. महिनाही झाला नसेल, विद्यापीठाची तपासणी येणार असल्याचं कळलं आणि तपासणीच्या यादीत 'विद्यार्थी पुरस्कारांचे पारदर्शक निकष' असं एक कलम निघालं. प्राचार्यांचं वातावरण एका दुपारीत बदललं. मला बोलावून घेतलं, चहा मागवला. "मॅडम, तुमच्या मनात निकषांचं होतं ना? करून टाका. समिती बनवू."

समिती तिघांची झाली. प्राचार्य, मी आणि फळबाग शिकवणारे एक सर. हे सर संस्थाचालकांचे साडू. नोकरी त्यांना कशी मिळाली हे विद्यालयातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि फळबाग त्यांना किती येते हे आवारातल्या पेरूच्या झाडांना माहीत होतं.

पहिल्या बैठकीत मी म्हटलं, "घरच्या शेतीचा प्रकल्प काढून टाकू. ज्याच्याकडे शेती नाही त्याला तिथे शून्य मिळतं."

फळबागेचे सर खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "ज्याच्याकडे शेती नाही त्याने शेतीचं शिक्षण घ्यावंच कशाला?"

"ज्याच्या दारात म्हैस नाही तो जनावरांचा डॉक्टर होतो ना, सर?"

"तो सरकारी नोकरीसाठी होतो."

"आणि तुम्ही?"

प्राचार्य मध्ये पडले. "वैयक्तिक नको. मॅडम, तुम्ही लिहून आणा, मग बघू."

मी लिहायला बसले आणि तेव्हा कळलं की काम वाटलं तेवढं सोपं नाही. धावण्याच्या शर्यतीत सगळ्यांची रेघ एक असते. शेतीत प्रत्येकाची रेघ वेगळी. एकाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी साचतं, दुसऱ्याच्या बांधीतून निघून जातं. एकाच्या धानावर कीड येते, शेजारच्यावर येत नाही. उत्पन्न मोजून बक्षीस द्यायचं तर ते पोराला द्यायचं की पावसाला? मी बरेच दिवस खाडाखोड केली. शेवटी असं ठरवलं: विद्यालयाच्याच शेतावर सारख्या आकाराच्या छोट्या बांध्या करायच्या, प्रत्येक विद्यार्थ्याला चिठ्ठी काढून एक द्यायची. नांगरणी विद्यालय करून देईल, त्यापुढे रोवणीपासून कापणीपर्यंत सगळं काम स्वतःच्या हाताने. गुण उत्पन्नाला थोडे आणि निर्णयांना जास्त. बांधी सुरुवातीला कशी होती, काय अडचण आली, तिच्यावर काय केलं आणि का केलं, हे परीक्षकाला शेतावर सांगायचं. पीक बुडालं तरी ते का बुडालं हे ज्याला कळलं त्याला गुण. परीक्षक बाहेरचा. त्याला नाव सांगायचं नाही, फक्त बांधीचा क्रमांक. आणि शेवटचं, गुण तिथेच धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या कडेच्या मातीच्या बांधावर उभं राहून, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे.

फळबागेचे सर हसत सुटले. "बुडालेल्या पिकाला मार्क? मॅडम, मग नापासालाही डिग्री देऊन टाकू."

"आपल्याकडे देतातच की," मी म्हटलं.

प्राचार्यांनी कागद वाचला नाही. त्यांनी तो उलटसुलट केला, किती पानं आहेत ते पाहिलं आणि सही केली. तपासणीच्या फायलीत तो लागला, सूचना फलकावरही लागला. तपासणीच्या लोकांनी त्याचं कौतुक केलं. प्राचार्यांनी ते कौतुक मान किंचित वाकवून, अगदी विनयाने स्वीकारलं. मी शेजारीच उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

चिठ्ठ्या निघाल्या. मोठ्या शेतकऱ्याच्या मुलाला बोडीखालची बांधी मिळाली. आमच्याकडे लहान तळ्याला बोडी म्हणतात. पाण्याला कमी नाही, माती काळी. दरेकशाच्या मुलीला रस्त्याकडेची सगळ्यात उंचावरची. मुरमाड, आणि तिचा धुरा मध्येच फुटलेला. चिठ्ठी उघडून तिने शेताकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "मॅडम, हे बांधी तं पाहूनच रडाले येते."

"बदलून हवी का?"

"नाई. बदलून देसाल तं मंग चिठ्ठी कायले काढली?"

तिने आधी रोवणी केली नाही. बाकीचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत होते तेव्हा ती आणि तिची एक मैत्रीण चिखल उचलून फुटलेला धुरा बांधत होत्या. मैत्रिणीच्या बांधीला तिने हात लावला तर मैत्रीण हिच्या बांधीला लावेल, असा त्यांचा करार होता. मी आधी विचार केला की हे नियमात बसतं का. मग वाटलं, पोरींनी आपसात श्रमाची अदलाबदल केली तर तो शेतीचा भागच आहे. गावात दुसरं काय करतात?

ऑगस्टमध्ये पाऊस ओढला. वरच्या बांधीत भेगा पडायला लागल्या. बोडीचं पाणी पाळीपाळीने घ्यायचं असं मुलांनी आपसात ठरवलं, आणि वरच्या बांधीला पाणी चढवायला डिझेल इंजिन हवं होतं, ते विद्यालयाचं बंद पडलेलं. दुरुस्त करायला द्यायचं म्हणून मी प्राचार्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी फळबागेच्या सरांना सांगितलं. फळबागेच्या सरांनी शिपायाला सांगितलं. शिपाई म्हणाला, मला इंजिनातलं काय समजतं? इंजिन तसंच पडून राहिलं आणि त्यांना तिघांनाही आपापलं काम केल्यासारखं वाटलं.

त्याच सुमारास एक दिवस मी सकाळी लवकर विद्यालयात आले तर बोडीखालच्या बांधीत तीन बाया निंदण काढत होत्या. मी विचारलं, कुणाच्या? त्यांनी मोठ्या शेतकऱ्याचं नाव घेतलं. "मालकानं पाठवलं जी." मी त्यांना काही बोलले नाही. त्यांना रोजी मिळत होती, माझं त्यांच्याशी भांडण नव्हतं. मुलाला बोलावलं.

"हे काय आहे?"

तो खाली पाहत होता. "मॅडम, मी बाबाले नाई म्हणलं होतं. ते म्हणाले, बापाची इज्जत हाय, तुले निंदत बसलेला पाहिलं तं लोक काय म्हणतीन."

"मग तू काय केलंस?"

"काही नाई केलं," तो म्हणाला. आणि ते खरं होतं.

मी समितीत हे मांडलं. प्राचार्य विचारात पडल्यासारखे दिसले. त्यांचा तो चेहरा मला ओळखीचा झाला होता, त्यामागे विचार नसायचा, वेळ काढणं असायचं. फळबागेच्या सरांना मात्र उत्तर लगेच सुचलं. "मजुरांकडून काम करून घेणं हेही कौशल्यच आहे की. व्यवस्थापन म्हणतात त्याला."

"त्याने व्यवस्थापन केलं नाही. त्याच्या वडिलांनी केलं. वडिलांना प्रवेश द्यायचा का आपल्याकडे?"

"मॅडम, ते संस्थेला मदत करणारे गृहस्थ आहेत," प्राचार्य मऊ आवाजात म्हणाले. हे खरं होतं. विद्यालयाच्या फाटकावरचं नाव त्यांनीच रंगवून दिलेलं होतं. एका फाटकाच्या रंगावर माणूस किती वर्षं गप्प राहू शकतो, याचा नमुना माझ्यासमोर बसला होता.

मी म्हटलं, परीक्षक विचारतील, मुलगा सांगेल, त्याप्रमाणे गुण मिळतील. तिथे विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

परीक्षक म्हणून मी नवेगाव बांधकडच्या एका निवृत्त कृषी पर्यवेक्षकांना बोलावलं होतं. माझी त्यांच्याशी ओळख एका शिबिरातली, एवढीच. ते मोटारसायकलवर आले, डोक्याला दुपट्टा बांधलेला. प्राचार्यांनी त्यांना आधी जेवायला नेण्याचा घाट घातला होता, संस्थाचालकांकडे कोंबडी शिजत होती. परीक्षक म्हणाले, "जेवण नंतर. आधी धान पाहू, मग पोट." प्राचार्यांचं तोंड एवढंसं झालं. कोंबडीच्या वाटेने त्यांना काही सांगायचं होतं, ते राहून गेलं.

आम्ही बांधी-बांधीने फिरलो. विद्यार्थी आपापल्या क्रमांकाजवळ उभे. बोडीखालचं धान दाट होतं, पण मध्ये मध्ये तुडतुड्यांनी जाळलेली टकलं पडलेली. परीक्षकांनी विचारलं, "युरिया किती वेळा टाकला?" मुलाने सांगितलं. "जास्त झाला. का टाकला?" मुलगा म्हणाला, "हिरवंगार दिसावं म्हणून, सर. बाबा पाहाले येणार होते." मग परीक्षकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "निंदण कोणी काढलं?"

माझ्या शेजारी प्राचार्य उभे होते. त्यांनी घसा साफ केला. मुलाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "बायांनी. बाबानं पाठवल्या होत्या. रोवणी मी केली, सर. निंदण मी नाई काढलं."

इतकं सरळ उत्तर आमच्या समितीत तोवर कुणी दिलं नव्हतं. त्या पोराबद्दल मला त्या क्षणी जे वाटलं ते त्याच्या भोवतीच्या एकाही मोठ्या माणसाबद्दल कधी वाटलं नाही.

वरच्या बांधीत धान विरळ होतं. लोंब्या आखूड. मुलगी धुऱ्यावर उभी होती. परीक्षक म्हणाले, "तुझ्यात तर पीक कमी आहे."

"कमीच हाय जी."

"दुसरा हप्ता दिला का युरियाचा?"

"नाई. पाणीच नव्हतं तं खत कायले टाकू? कोरड्यात टाकलं असतं तं उडून गेलं असतं. पाऊस आला तवा टाकाची वेळ निघून गेली होती. मंग टाकलंच नाई."

"पुन्हा हीच बांधी मिळाली तर काय करशील?"

"लवकर येणारं धान लावीन. आनि इंजिनाची वाट नाई पाहीन."

परीक्षक हसले. प्राचार्य हसले नाहीत.

मग सगळ्यांना एकत्र बोलावून परीक्षकांनी क्रमांकाप्रमाणे गुण वाचले. वरची बांधी पहिली आली. तिच्यासोबत धुरा बांधणारी मैत्रीण दुसरी. बोडीखालची बांधी पार मागे. पोरांनी आरडाओरडा केला, कुणीतरी शिट्टी वाजवली. मोठ्या शेतकऱ्याचा मुलगाही टाळ्या वाजवत होता. मुलीने तोंडावर ओढणी धरली होती. रडत होती की हसत होती, मला सांगता यायचं नाही. मी स्वतः त्या वेळी फार काही नीट पाहण्याच्या स्थितीत नव्हते.

पंधरवड्यानंतर समितीची बैठक लागली. विषय: 'निकषांत सुधारणा.' मी खोलीत शिरले तेव्हा दोघंही आधीच बसले होते आणि चहाचे कप रिकामे होते, म्हणजे बैठक झालेली होती.

प्राचार्यांनी कागद पुढे सरकवला. 'पुरस्कारासाठी विद्यार्थ्याची पहिल्या तासाची उपस्थिती समाधानकारक असणे आवश्यक राहील.'

मला समजायला जरा वेळ लागला. मग समजलं. दरेकशाच्या बाजूने येणाऱ्या पॅसेंजर गाडीला मालगाड्यांसाठी बाजूला उभं करतात. कोळसा पुढे जातो, माणसं थांबतात. त्या गाडीने येणारी सगळी पोरं पहिल्या तासाला उशिरा पोचतात. आमच्या विद्यालयात ही गोष्ट शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा मोटारसायकलवर यायचा.

"निकाल लागल्यावर नियम?" मी विचारलं.

"सुधारणा," प्राचार्य म्हणाले. "शिस्तही महत्त्वाची आहे ना, मॅडम? नुसतं धान पिकवून काय होतं?"

कृषी विद्यालयाचे प्राचार्य हे बोलले. मी ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. "नुसतं धान पिकवून काय होतं?" त्यांना त्यात काही खटकलं नाही.

"आणि दुसरी आलेली मुलगी? ती तर इथूनच सायकलने येते."

फळबागेचे सर म्हणाले, "तिने दुसऱ्याच्या बांधीत काम केलं. स्वतःचं काम स्वतः करायचं हा तुमचाच नियम आहे, मॅडम."

हे मात्र मी मान्य करते, की त्या माणसाने आयुष्यात एकदा तरी काही वाचलं होतं.

"आणि बायांनी निंदण काढलं ते?"

"त्याचे गुण कापलेच ना परीक्षकांनी. शिक्षा झाली. एकाच चुकीला दोनदा शिक्षा करायची का?"

मी बरंच बोलले. फलकावरचा कागद आणून दाखवला, त्यावरची सही दाखवली. मधल्या मुलांची नावं घेतली, जी या नव्या नियमातही बसत होती आणि ज्यांचे गुण त्या मुलापेक्षा जास्त होते. त्यावर प्राचार्य म्हणाले, त्यांच्यात 'एकूण प्रभाव' कमी पडतो. मग मी उठले. समितीतून नाव काढा म्हणून सांगितलं. त्यांनी तेवढं मात्र तत्परतेने केलं.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी मांडव भरला होता. सेठजी आले, शेला-नारळ झाला, संस्थाचालकांचं भाषण झालं. मग फळबागेच्या सरांनी माईकवर नाव पुकारलं. मोठ्या शेतकऱ्याच्या मुलाचं.

मांडवात कुणी टाळी वाजवली नाही.

मी मागे शिक्षिकांच्या रांगेत बसले होते. मला आधी वाटलं, माईक बंद पडला. पण माईक चालू होता, कारण फळबागेच्या सरांचा श्वास ऐकू येत होता. ढोल वाजवायला बसलेली पोरंसुद्धा हात मांडीवर ठेवून बसली होती. सगळ्या वर्गाने धुऱ्यावर उभं राहून गुण ऐकले होते, सगळ्यांना सगळं माहीत होतं. ते ओरडले नाहीत, घोषणा दिल्या नाहीत. नुसते बसून राहिले आणि व्यासपीठाकडे बघत राहिले.

सेठजी गोंधळले. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि प्राचार्यांना विचारलं, तेही माईकजवळच, "क्या हुआ भाई? कोई मर गया क्या? ताली तो बजाओ."

मग प्राचार्यांनी एकट्याने टाळ्या वाजवल्या. त्यांच्या टाळ्यांचा आवाज माईकमधून आला आणि मांडवाच्या कापडावर आपटून परत आला. मुलगा चढला, ढाल घेतली, उतरला. त्याचं तोंड लाल झालं होतं. त्याच्या वडिलांनी पहिल्या रांगेतून उठून इकडे-तिकडे पाहिलं, जणू टाळ्या कुणीतरी खुर्चीखाली लपवून ठेवल्या होत्या.

कार्यक्रम संपल्यावर हातपंपाजवळ मी पाहिलं, तो मुलगा त्या मुलीपुढे ढाल धरून उभा होता.

"घे नं."

"मी कायले घेऊ? त्याच्यावर तुझं नाव टाकलं त्यायनं."

"मंग मी काय करू याचं?"

"मले काय माहीत? बाबाले दे. त्यायलेच पाहिजे होती." मग ती फाटकाबाहेर बघत म्हणाली, "चाय पाजतो तं पाज. मैत्रीण बी येईन."

तिघं फाटकाबाहेरच्या टपरीकडे गेली. ढाल मुलाच्या काखेत होती, चहा घेताना त्याने ती बाकावर उलटी ठेवली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. मऊ आवाज गेला होता. "तुम्ही पोरांना फितवलंत. सेठजींसमोर संस्थेची बेअब्रू झाली."

"सर, मी फितवलं असतं तर आवाज झाला असता," मी म्हटलं. "गप्प बसायला त्यांना मी शिकवलं नाही. ते तुम्हीच वर्षभर बसून दाखवत होतात. आवाज न करता."

त्यांना शेवटचं वाक्य कळलं नाही. त्यांनी ते टिपून घेतलं, बहुतेक माझ्याविरुद्ध कधी वापरता येईल म्हणून.

सेठजी पुढच्या वर्षी आले नाहीत. त्यांनी गोंदियातल्या एका शाळेला कूलर दिला, तिथे टाळ्या भरपूर वाजल्या असं ऐकलं. सेठजी येईनासे झाल्यावर पुरस्काराचीही गरज उरली नाही. प्राचार्यांनी जाहीर केलं की यापुढे स्पर्धेचा ताण नको, म्हणून सर्व विद्यार्थ्यांना समान सहभाग प्रमाणपत्र देण्यात येईल. त्याला त्यांनी समता म्हटलं. तो शब्द मी घरात लहानपणापासून ऐकत आले आहे. तो त्यांच्या तोंडून असा ऐकावा लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

दरेकशाची मुलगी पदविका घेऊन गेली. सध्या ती सालेकशाकडच्या बचत गटांच्या बायांना बियाण्यांचं काम शिकवते, आणि लवकर येणाऱ्या धानाचा तिचा आग्रह कायम आहे. अधूनमधून फोन करते. तिला त्या ढालीबद्दल मी कधी विचारलं नाही, तिनेही कधी काढलं नाही. कधी आम्ही पाण्यावर बोलतो, कधी तिच्या लग्नाच्या कटकटीवर. मोठ्या शेतकऱ्याच्या मुलाने वडिलांची शेती घेतली. बाजारात भेटला की नमस्कार करतो.

मागच्या वर्षी गोंदियात शिक्षकांसाठी एक कार्यशाळा होती, विषय विद्यार्थ्यांचं न्याय्य मूल्यमापन. प्रमुख मार्गदर्शक कोण, तर आमचे प्राचार्य. आता निवृत्त झालेले, तरी केस नीट. पडद्यावर त्यांनी निकष दाखवले. चिठ्ठीने बांधी, निर्णयांना जास्त गुण, बाहेरचा परीक्षक, नावाऐवजी क्रमांक. माझीच वाक्यं, स्वल्पविरामासकट. "आम्ही आमच्याकडे हा प्रयोग राबवला," ते म्हणाले, "आणि मुलांचा प्रतिसाद अभूतपूर्व होता."

ते मात्र खरं होतं. अभूतपूर्वच होता.

एक तरुण शिक्षक उठला. अर्जुनी मोरगावकडचा असावा, बोलण्यावरून वाटलं. "सर, पीक बुडालेल्यालेही मार्क, हे चांगलं हाय. पण सर, मंग त्या वर्षी पहिला नंबर कोणाचा आला?"

प्राचार्यांनी पडद्याकडे पाहिलं. मी तिसऱ्या रांगेत होते. त्यांनी मला पाहिलं होतं की नाही, ठाऊक नाही.

"नंबराला महत्त्व नसतं हो," ते म्हणाले. "सगळीच आपली लेकरं."

सभागृहात टाळ्या झाल्या. तो तरुण शिक्षक तसाच उभा होता, उत्तर मिळालं की नाही या विचारात. चहाची सुट्टी झाली तेव्हा मी त्याला गाठलं आणि म्हटलं, "वरच्या बांधीतल्या मुलीचा आला होता. या, चहा घेऊ, सांगते."